रिफ्लेक्टर झाला, आता ब्रेकचं बोला

ऊस हंगाम तोंडावर आला की दरवर्षी तेच चित्र. कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, साहेब लोकांच्या हातात लाल पट्ट्या, ट्रॉलीला रिफ्लेक्टर चिकटवतानाचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. याला माझा अजिबात विरोध नाही. अंधारात उभी ट्रॉली न दिसल्यामुळे दुचाकीवाले कसे गेलेत, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. रिफ्लेक्टर लागलेच पाहिजेत.

पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला वाचवतो. ट्रॅक्टरच्या पुढं जे कोण आहे त्याचं काय? शाळेतनं सुटलेली पोरं, गल्लीतनं एकदम बाहेर येणारी मोटारसायकल, बाजाराची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी. त्यांना वाचवायचं असेल तर ती गाडी थांबली पाहिजे. आणि थांबण्याबद्दल, म्हणजे ब्रेकबद्दल, इतक्या वर्षांत एकाही यार्डात मोहीम झालेली मी तरी बघितली नाही.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण ज्यांच्या दारात जुना ट्रॅक्टर आहे आणि ज्यांची ट्रॉली कारखान्याला लागते, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर खाली भांडायला मी आहेच.

आमच्या घरी वडिलांच्या वेळचा बी-२७५ आहे. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी करून हा ट्रॅक्टर इथं आणला. मूळ डिझाइन ब्रिटनमधलं, ३५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं. अजून एका सेल्फला चालू होतो. दसऱ्याला त्याची पूजा होते, घरातल्या माणसासारखा मान आहे त्याला. त्याचे ब्रेक मी मिस्त्रीच्या शेजारी बसून अनेकदा खोललेत. त्यामुळं हे जे लिहितोय ते जुन्या ट्रॅक्टरचा राग म्हणून नाही. उलट ज्या कामासाठी तो बनला त्या कामात त्याला ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा ब्रेक कशासाठी बनलाय?

ट्रॅक्टरचा ब्रेक आणि जीपचा ब्रेक यांत मुळातच फरक आहे. जीपला चारी चाकांना ब्रेक असतो. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना. आणि त्यातही उजव्या पायाखाली दोन पायडल, डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्या चाकाचा वेगळा. का? तर नांगरट करताना बांधाच्या कडेला वळायला जागा कमी असते. पुढची चाकं मोकळ्या ढेकळांत घसरतात, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. तेव्हा ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा एकच ब्रेक दाबायचा, ते चाक अडतं, दुसरं फिरतं आणि ट्रॅक्टर जाग्यावर वळतो. म्हणजे या ब्रेकचं निम्मं काम थांबवायचं आहे आणि निम्मं वळवायचं.

रस्त्यावर आल्यावर मात्र दोन्ही पायडल जोडायला मध्ये एक खटका दिलेला असतो. तो लावला की दोन्ही ब्रेक एकदम लागतात. तो न लावता वेगात चुकून एकच पायडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर रस्त्यातच गिरकी घेतो किंवा पलटी होतो. आता जरा गावात फिरून बघा. किती जुन्या ट्रॅक्टरना हा खटका शिल्लक आहे? निम्म्यांचा तुटून पडलाय, काहींना तार बांधलीय, काहींचा गंजून जाम झालाय.

आत काय असतं तेही सांगतो. मॅसी ३५ च्या घराण्यात मागच्या चाकाजवळ ड्रम आणि शू असतात. बी-२७५ ला ड्राय डिस्क ब्रेक. त्यात दोन लोखंडी तबकड्या असतात आणि त्यांच्यामध्ये उतरत्या खाचांत गोळ्या बसवलेल्या असतात. पायडल दाबलं की रॉड त्या तबकड्यांना एकमेकींच्या उलट थोडं फिरवतो, गोळ्या खाचेच्या उतारावर चढतात, तबकड्या फाकतात आणि दोन्ही बाजूंच्या लायनरला दाबतात. साधी, हुशार रचना आहे. पण तिला दोन शत्रू आहेत. एक तेल आणि दुसरा चिखल.

आतलं ऑइल सील म्हातारं झालं की गिअरचं तेल झिरपत झिरपत लायनरवर येतं. लायनर तेल पितो आणि गुळगुळीत होतो. पायाला पायडल कडक लागतं, वाटतं ब्रेक चांगला आहे, पण चाक काही धरत नाही. चिखलणीत पाणी-माती आत गेली की गोळ्यांच्या खाचा गंजतात आणि ब्रेक चिकटतो. शिवाय रानात एकाच बाजूला वळायची सवय असेल तर त्या बाजूचा लायनर आधी झिजतो. म्हणजे काही वर्षांनी डावा ब्रेक एका ताकदीचा आणि उजवा दुसऱ्याच, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. कारण रानात तसं काही जाणवतच नाही.

जाणवतं ते उतारावर

दोन हंगामांमागची गोष्ट. आमच्याच भावकीतला ट्रॅक्टर, मागं डबल ट्रॉली, भरलेली. ओढ्याच्या पुलाकडं उतरणारा रस्ता, पहाटेची वेळ, रस्त्यावर दव. पुढं एक टायरगाडी दिसली म्हणून ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि क्लचही दाबला. ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी डावीकडं ओढला गेला, मागच्या ट्रॉल्यांनी त्याला तसाच तिरका ढकलला आणि सगळं चारीत गेलं. पोरगा वाचला, पाय मोडला. सहा महिने घरात बसून होता. टायरगाडीवाला आणि त्याचे बैल दोन हातांवरून वाचले.

गावात चर्चा काय? "ड्रायव्हर पिलेला असणार." पोरगा पीत नाही. "गाणी लावून झोपला असणार." टेप बंद होता. पुढं ट्रॅक्टर गॅरेजला खोलला तेव्हा मी तिथं होतो. उजवा लायनर तेलात भिजलेला, डावा चांगला. म्हणजे खटका लावलेला असूनही ब्रेक लागला तो एकट्या डाव्या चाकाला. वर क्लच दाबल्यामुळं इंजिनची जी पकड होती तीही गेली. शंभर-दीडशे रुपयांच्या दर्जाचं एक रबरी सील वेळेवर न बदलल्याचा हा सगळा हिशोब.

पण मी तेव्हापासून एक विचार करतोय. ते सील नवीन असतं, दोन्ही लायनर नवे असते, तरी तो थांबला असता का?

गॅरेजमधले उपाय

यावर आपल्याकडं गॅरेजवाल्यांनी पुष्कळ डोकं चालवलंय. त्यांचा मला आदर आहे, पण एकेक उपाय नीट बघू.

पहिला, पायडलला पट्टी वेल्ड करून लांब करणं. तरफ लांब झाल्यामुळं पायाचा जोर जास्त लागतो हे खरं. पण पायडलची चालही वाढते. लायनर थोडा झिजला की ब्रेक धरायच्या आधीच पायडल तळाला टेकतं. शिवाय मूळ रॉड, पिन आणि क्रँक ठरावीक ओढीसाठी बनलेत. जोर वाढवला की ऐन वेळी तेच वाकतात नाहीतर तुटतात.

दुसरा, दोन्ही पायडल कायमची वेल्ड करून एक करणं. खटक्याची कटकट गेली, पण रानातला वळायचा ब्रेकही गेला. आणि दोन्हीकडची सेटिंग सारखी नसेल तर वेल्डिंगने ती सारखी होत नाही. ज्या बाजूचा ब्रेक आधी लागतो तिकडंच ट्रॅक्टर ओढतो.

तिसरा, जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर बसवून हायड्रॉलिक करणं. यात एक खरा फायदा आहे. एकाच सिलिंडरमधून दोन्हीकडं तेल जात असेल तर दाब दोन्ही बाजूंना सारखा राहतो. पण एक पाइप फुटला की दोन्ही ब्रेक एकदम जातात, जे मूळ रॉडच्या ब्रेकमध्ये होत नव्हतं. आणि तेलाने भिजलेला लायनर तसाच असेल तर दाब कितीही सारखा द्या, पकड सारखी येत नाही.

चौथा, ज्या मॉडेलला बसतो त्याला ऑइल ब्रेक बसवणं. हा यातला सगळ्यांत चांगला उपाय. त्यात बऱ्याच प्लेटा तेलातच फिरतात, चिखल-पाणी आत जात नाही, गरम झाल्या तर तेल थंड करतं, वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. फक्त कंपनीने सांगितलंय तेच तेल घालायचं, नाहीतर ब्रेक ओरडतो आणि धरत नाही. पण प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरला तो बसत नाही. हाऊसिंग, सील, शाफ्ट सगळं जुळावं लागतं. ओढूनताणून बसवलेला ऑइल ब्रेक चांगल्या ड्राय ब्रेकपेक्षा वाईट.

आणि मूळ बनावटीत असे फेरबदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत, हेही डोक्यात असू द्या. उद्या अपघात झाला तर विम्याचा माणूस पहिल्यांदा तेच बघतो.

जाता जाता एक सांगतो. जुने लायनर काढताना आतली धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं आणि तिथंच राहतं. ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजमधल्या लहान पोरांना तर हे आवर्जून सांगा.

आता जरा हिशोब

हे चारही उपाय मान्य केले, सगळ्यांत भारी ब्रेक बसवला, असं धरू. आता पाटी-पेन्सिल घ्या.

जुना ट्रॅक्टर धरा २ टनांचा. त्यातलं मागच्या दोन चाकांवर येणारं वजन साधारण १.३ टन. ब्रेक कितीही चांगला असला तरी टायर रस्त्याला धरेल तेवढंच थांबवणार. कोरड्या डांबरावर ही पकड वजनाच्या साधारण ०.६ पट धरू. म्हणजे मागची दोन्ही चाकं मिळून जास्तीत जास्त ८०० किलोच्या आसपास जोर लावू शकतात. त्यापुढं चाक जाम होऊन घसरतं. हा आकडा ब्रेकचा नाही, टायर आणि वजनाचा आहे. त्यामुळं लायनर बदलून, पायडल लांब करून, ऑइल ब्रेक बसवून तो वाढत नाही.

आता मागं बघा. दोन ट्रॉल्या, प्रत्येकीत ९ टन ऊस, ट्रॉलीचं स्वतःचं वजन प्रत्येकी २ टन धरा. झाले २२ टन. ट्रॅक्टर धरून २४. आपल्या चार चाकी ट्रॉल्यांचं सगळं वजन त्यांच्याच चाकांवर असतं, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर त्यातलं जवळजवळ काहीच येत नाही. म्हणजे २४ टन थांबवायचे आहेत आणि थांबवणाऱ्या चाकांवर वजन आहे १.३ टन.

नुसता ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरच्या वेगातून ब्रेक दाबल्यावर ५ मीटरच्या आसपास थांबतो. याच वेगात मागं २२ टन असतील तर सपाट रस्त्यावर, चाकांचा स्वतःचा अडथळा जमेला धरूनसुद्धा, ३० मीटर लागतात. ड्रायव्हरला दिसायला आणि पाय उचलायला एक सेकंद जातो, त्यात आणखी पाच-साडेपाच मीटर. वेग ३० केला तर ब्रेक दाबल्यापासूनच ६५ मीटर, कारण वेग दीडपट झाला की थांबायचं अंतर सव्वादोन पट होतं. आता दव पडलेला, ट्रॅक्टरच्या चाकांनी चिखल आणलेला रस्ता धरा. पकड निम्मी. पुढचं तुम्हीच करा.

आणि उतार? वीस फुटांत एक फूट उतरणारा रस्ता आपल्याकडं प्रत्येक ओढ्याला आहे. त्यावर २४ टन वजन स्वतःच १२०० किलोच्या जोराने खाली ओढतं. आपल्याकडं ब्रेकचे ८०० आणि चाकांच्या अडथळ्याचे चार-पाचशे. बेरीज-वजाबाकी केली तर हातात काही उरत नाही. म्हणजे अशा उतारावर भरलेली डबल ट्रॉली नव्या कोऱ्या ब्रेकनेसुद्धा धड थांबत नाही. ड्रायव्हर फक्त वेग वाढू देत नाही, तेही सगळं ठीक असेल तर.

माझ्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर हेच. लायनर नवे असते तर ट्रॅक्टर सरळ राहिला असता, पण त्या टायरगाडीच्या आधी थांबला असता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आपण इतकी वर्षं चुकीच्या ठिकाणी ब्रेक शोधतोय. वजन ट्रॉलीत आहे, तर ब्रेकही ट्रॉलीला पाहिजे.

ट्रॉलीचा ब्रेक

ही काही चंद्रावरची गोष्ट नाही. युरोपात शेतीच्या जड ट्रॉल्यांना हवेचे नाहीतर हायड्रॉलिक ब्रेक असतात. आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक ट्रकला हवेचा ब्रेक असतो आणि तो दुरुस्त करणारे मिस्त्री प्रत्येक तालुक्याला आहेत. ट्रॅक्टरला छोटा कॉम्प्रेसर, एक टाकी, ट्रॉलीपर्यंत पाइप आणि ट्रॉलीच्या एक्सलला ड्रम-शू. ड्रायव्हरने पाय दाबला की ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः थांबवते.

हिशोब परत मांडा. ट्रॉल्यांच्या चाकांनी स्वतःच्या वजनाच्या नुसत्या पाचव्या हिश्श्याइतका जोर लावला तरी तो होतो जवळजवळ साडेचार टन. ट्रॅक्टरच्या ८०० किलोच्या पाचपट. अगदी एकाच ट्रॉलीला करणं परवडत असेल तर ते मागच्या ट्रॉलीला करा. मागून ओढ बसली की सगळी गाडी ताणलेली, सरळ राहते. पुढून अडवली आणि मागून ढकलली गेली की ती चाकूच्या पात्यासारखी मुडपते.

ट्रकसारखी दोन पाइपची व्यवस्था केली तर आणखी एक फायदा. हूक किंवा पिन तुटून ट्रॉली सुटली की पाइप तुटतो, हवा जाते आणि ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतो. चढावर सुटलेली ट्रॉली मागं येताना ज्यांनी बघितलीय, त्यांना याचं मोल समजेल. आज अशा वेळी आपल्याकडं काय उपाय आहे? एक पोरगं ट्रॉलीबरोबर पळतं आणि चाकाखाली दगड टाकायला बघतं. त्या पोराच्या जिवावर आपला साखर उद्योग चाललाय.

मग होत का नाही?

कारण सोपं आहे. वाहतुकीचा दर टनावर आहे. जास्त टन, जास्त पैसे. ड्रायव्हरला पैसे खेपेवर, त्यामुळं जास्त खेपा म्हणजे जास्त वेग. मालकाने उचल घेतलेली असते, टोळीच्या मुकादमाला दिलेली असते, टोळी पळून जाईल ही धास्ती वेगळीच. बँकेचा हप्ता आहेच. अशा माणसाला तुम्ही नुसतं "ट्रॉलीला ब्रेक बसव" म्हणालात तर तो तुमच्याकडं बघून हसेल. आणि त्याला मी दोष देणार नाही.

दोष मी देतो व्यवस्थेला, आणि त्यातही कारखान्यांना. का ते सांगतो. गाडीत किती वजन आहे हे पोलिसाला माहीत नसतं, आरटीओला माहीत नसतं, रस्त्यावरच्या माणसाला तर नसतंच. पण कारखान्याच्या काट्यावर ते प्रत्येक खेपेला किलोपर्यंत मोजलं जातं, छापून हातात दिलं जातं. कुठल्या ट्रॅक्टरने, कुठल्या तारखेला, किती टन ओढले याची एवढी चोख नोंद दुसऱ्या कुणाकडंही नाही. ज्याच्याकडं माहिती आहे त्याच्याकडं जबाबदारीही यायला पाहिजे. आज ती माहिती फक्त बिल काढायला वापरली जाते.

माझ्या मागण्या चारच आहेत, आणि त्यातली एकही अशक्य नाही.

१. वाहतुकीचा करार करताना ट्रॅक्टरच्या ब्रेकची यार्डातच चाचणी घ्या. रिफ्लेक्टर चिकटवायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडाच जास्त लागेल. चाचणीत नापास, तर दुरुस्त करून या, मग चिठ्ठी.

२. ट्रॉलीला ब्रेक बसवणाऱ्याला टनामागं जादा दर द्या, आणि बसवण्याचा खर्च उचलीसारखा आधी देऊन हप्त्याने कापून घ्या. टोळीसाठी लाखोंची उचल देता, ती बुडतेसुद्धा. ब्रेक कुठं पळून जाणार आहे?

३. जुन्या, कमी हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला सिंगल ट्रॉलीच द्या. आणि ज्या गटात मोठे उतार आहेत तिथं सगळ्यांनाच.

४. काट्यावर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वजन आलं तर त्या जादा टनाची वाहतूक देऊ नका. एका हंगामात सगळे सरळ होतील.

"पण आजवर चाललंच की"

हे वाक्य मला सगळ्यांत जास्त ऐकावं लागतं. आमच्या वडिलांच्या काळापासून ओढतोय, काय झालं? त्या काळचा रस्ता आठवा. खड्डे इतके की वेग धरताच येत नव्हता. एक ट्रॉली, तीही लहान. समोरून येणार कोण तर एसटी आणि दोन सायकली. आज रस्ते गुळगुळीत झालेत, महामार्ग झालेत, ट्रॉल्या लांब आणि उंच झाल्यात, दुचाक्या तर घरटी दोन. बदलला नाही तो फक्त ब्रेक.

दुसरं ऐकतो, "नवीन ट्रॅक्टर घेतला की प्रश्न मिटतो." नव्याला ऑइल ब्रेक असतो, वजन थोडं जास्त असतं, पकड थोडी वाढते. पण नवीन पन्नास हॉर्सपॉवरवाला वजनही जास्त ओढतो आणि पळतोही जास्त. वरचा हिशोब त्यालाही तसाच लागू आहे.

तिसरं, "पैसे कुठनं आणायचे?" याचं मी कौतुकाने पण स्पष्ट उत्तर देतो. आपल्या ट्रॅक्टरवरचे स्पीकर, लायटिंग, छपरावरची सजावट, बंपरवरचं नाव यांचा खर्च एकदा कागदावर लिहा. पोरांची हौस आहे, असू द्या. पण जो ट्रॅक्टर दोन किलोमीटरवरून ऐकू येतो, तो वीस मीटरमध्ये थांबू नये, हे काही शोभत नाही.

तोवर आपल्या हातात काय?

कारखाने जागे होतील तेव्हा होतील. दसऱ्याला ट्रॅक्टर धुवायला काढालच, त्याच दिवशी एवढं करा.

मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली मजबूत ठोकळे द्या, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा. खटका लावून एकाला पायडल हळूहळू दाबायला सांगा आणि दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. दोन्ही एकाच वेळी अडली पाहिजेत. एक आधी अडत असेल तर रॉडचा चेकनट सोडून ढील सारखी करा. ढील किती ठेवायची ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असतं, नसेल तर जाणत्या मिस्त्रीला विचारा.

मग मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, ट्रॉली न जोडता, कमी वेगात ब्रेक दाबून बघा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढतोय का? दोन्ही टायरच्या खुणा सारख्या उठल्या का? सेटिंग सारखी करूनही ओढत असेल तर नुसता नट आवळत बसू नका. आत तेल आलंय. सील आणि लायनर दोन्ही बदला. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवणं म्हणजे स्वतःला फसवणं.

ड्रायव्हर मंडळींना हात जोडून सांगणं आहे. उतार यायच्या आधीच खालचा गिअर टाका. उतारात मध्येच गिअर बदलायला जाऊ नका. जुन्या ट्रॅक्टरचा गिअर चालत्या गाडीत परत पडत नाही, तुम्ही न्यूट्रलमध्ये अडकता आणि मागून २२ टन येत असतात. उतारावर क्लच दाबू नका, डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच करू नका. तिथं इंजिन हाच तुमचा खरा ब्रेक आहे. रस्त्याला लागलात की खटका लावा. पायडलवर पाय ठेवून चालवू नका, लायनर जळतो. हूकाची पिन आणि साखळी रोज बघा. चाकाला लावायला दगड शोधत बसण्यापेक्षा लाकडी पाचर करून साखळीने ट्रॉलीलाच टांगून ठेवा. आणि इंजिन चालू असताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कुणालाही उभं राहू देऊ नका.

जुन्या ट्रॅक्टरवाल्यांनो, राग मानू नका. त्याला रानात ठेवा. पाळी घाला, पेरणी करा, खत ओढा, नातवाला मांडीवर घेऊ नका पण शेजारी उभं करून इंजिनचा आवाज ऐकवा. चाळीस-पन्नास वर्षं ज्याने घर चालवलं, त्याला म्हातारपणी डबल ट्रॉलीला जुंपून महामार्गावर सोडू नका.

आणि सभासदांना एक विनंती. आपल्या कारखान्याच्या वाहतूक कराराचा कागद मिळवा आणि त्यात "ब्रेक" हा शब्द कुठं आहे का ते बघा. असेल तर काय लिहिलंय त्याचा फोटो खाली टाका. नसेल तर कारखान्याचं नाव न घालता नुसतं "नाही" एवढं लिहा. यादी झाली की ती घेऊन आपण पाच-दहा जण शेतकी ऑफिसला जाऊ. हंगाम सुरू व्हायच्या आत.